न सांगता नोकरी सोडली तर नक्की काय होतं? धंद्यात उतरायच्या आधी हे वाचा



माझ्या ट्रेनिंगला येणाऱ्या दर बॅचमध्ये हा प्रश्न येतोच. "सर, गाळा मिळालाय, डिपॉझिट भरलंय, पाडव्याला मुहूर्त करायचाय. पण कंपनी म्हणते दोन महिन्यांची नोटीस द्या. मी उद्यापासून गेलोच नाही तर काय करतील?" मग कुणीतरी मागून म्हणतं, "काय नाय करत, आमचा भाऊ तसाच आला." दुसरा म्हणतो, "पोलीस केस होते, पीएफ अडकतो." दोघंही छातीठोक सांगतात आणि दोघंही अर्धवट बरोबर असतात.

या आठवड्याच्या व्हिडिओत मी दहा मिनिटांत जेवढं बसलं तेवढं सांगितलं. इथं सविस्तर लिहितोय, कारण तुम्ही शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल एमआयडीसीतली नोकरी सोडून स्वतःचं काही करणार असाल, तर यात तुमच्या भांडवलाचा प्रश्न आहे.

आधी भीती काढूया. खासगी नोकरी नोटीस न देता सोडणं हा गुन्हा नाही. पोलीस तुम्हाला उचलून नेणार नाहीत. कोर्टसुद्धा "जा, परत कामावर हजर हो" असा हुकूम देत नाही. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यात, म्हणजे वकील ज्याला स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट म्हणतात त्यात, व्यक्तिगत सेवेचा करार जबरदस्तीनं पाळायला लावता येत नाही असं धरलेलं आहे.

पण एक काळ असा होता की जेल होत होती. १८५९ साली इंग्रजांनी एक कायदा केला. कारागीर किंवा मजुराने आगाऊ पैसे घेतले आणि काम अर्धवट टाकून गेला, तर मालक मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायचा. मॅजिस्ट्रेट त्याला काम पूर्ण करायला किंवा पैसे परत करायला सांगायचा, आणि तरी ऐकलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. हा कायदा १९२५ साली रद्द करायचं ठरलं. म्हणजे "न सांगता गेलास तर आत टाकीन" ही मालकाची धमकी शंभर वर्षं जुनी झाली आहे. अपवाद अगदी छोटा उरलाय: लहान मूल, मनोरुग्ण किंवा अंथरुणाला खिळलेल्या असहाय माणसाची देखभाल करायचा करार करून जो मुद्दाम सोडून जातो, त्याच्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ खाली कारवाई होऊ शकते. फौंड्रीतल्या सुपरवायझरला किंवा शोरूमच्या सेल्समनला ते लागू नाही. सरकारी नोकरीचे नियम वेगळे, ते आज बाजूला ठेवू.

मग जेल नाही म्हणजे सगळं माफ का? तसं नाही भावांनो. नोटीस म्हणजे करारातलं देणं आहे. ते पाळलं नाही तर हिशोब पैशात होतो.

हिशोब कसा लागतो बघा

समजा पगार महिन्याला २४,००० आहे. अपॉइंटमेंट लेटरमध्ये ६० दिवसांची नोटीस लिहिली आहे. तुम्ही राजीनामा मेल केला आणि दहा दिवसांनी जायचं बंद केलं. कमी पडले ५० दिवस. दिवसाला ८०० धरले तर कंपनी म्हणणार ४०,००० द्या. तुमचे कंपनीकडे काय येणं आहे? दहा दिवसांचा पगार ८,००० आणि शिल्लक रजा १२ दिवस धरली तर ९,६००. वजाबाकी करून तुमच्याच अंगावर २२,४०० निघाले. फुल अँड फायनलमध्ये हातात काही यायच्या ऐवजी देण्याचं पत्र येतं, ते असं.

आता लेटर परत काढा आणि एक शब्द शोधा. नोटीसचा पगार "ग्रॉस"वर आहे की "बेसिक"वर? बेसिक १२,००० असेल आणि लेटरमध्ये बेसिक लिहिलं असेल, तर ५० दिवसांचे २०,००० होतात आणि तुमचं देणं २,४०० वर येतं. एका शब्दानं वीस हजारांचा फरक! वीस हजारात छोट्या दुकानाचा बोर्ड, वजनकाटा आणि पहिल्या महिन्याचं लाईटबिल निघतं. ज्यांनी लेटर सही केल्यापासून उघडलेलंच नाही, त्यांनी आज रात्री उघडा.

या हिशोबात कंपनी काय धरू शकत नाही, हेही माहीत पाहिजे. पीएफ तुमचा आहे, त्याला हात लावता येत नाही. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी यूएएनच्या पोर्टलवर ती तुम्ही स्वतः भरू शकता. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी मिळते, आणि ती जप्त करायची कारणं कायद्यात मोजकी आहेत: नुकसान केल्यामुळे, मारामारी-दंगा केल्यामुळे किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यामुळे कामावरून काढलं असेल तर. नोटीस न देणं त्यात बसत नाही. बोनसचंही तसंच. आणि कुणी नोटीस पेवर वरून १८ टक्के जीएसटी लावला तर नम्रपणे ३ ऑगस्ट २०२२ चं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं परिपत्रक दाखवा. नोटीसपोटी कापलेल्या रकमेवर जीएसटी लागत नाही, असं त्यात स्पष्ट केलंय.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली. त्यानुसार राजीनामा दिलेल्या माणसाचं कमावलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. "पंचेचाळीस दिवसांनी या" हे उत्तर आता चालत नाही. याच संहितेत एक गमतीशीर तरतूद जुन्या कायद्यातून आली आहे. दहा किंवा जास्त कामगार संगनमत करून, करारातली नोटीस न देता आणि योग्य कारण नसताना गैरहजर राहिले, तर नोटीसपोटी आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. म्हणजे मित्रमंडळींना घेऊन एकत्र बाहेर पडायचा प्लॅन असेल तर त्याची किंमत कायद्यानं आधीच लिहून ठेवली आहे.

लेटरच नाही? आपल्याकडं दुकानांत, छोट्या वर्कशॉपमध्ये "ये उद्यापासून" एवढ्यावरच नोकरी लागते. अशा वेळी अमुक दिवसांची नोटीस ठरली होती हे मालकाला सिद्ध करावं लागतं, आणि ते अवघड असतं. दहा किंवा जास्त कामगार असतील तिथं नियुक्तीपत्र देणं नव्या संहितेनं बंधनकारक केलंय.

कल्याणचा गोळीकरी खटला

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येतो. "कोण कोर्टात जातंय एवढ्याशासाठी" असं म्हणणाऱ्यांनी हा खटला वाचलाच पाहिजे. तो आपल्या महाराष्ट्रातला आहे, आणि कायद्याचे विद्यार्थी आजही तो शिकतात.

कल्याणजवळ सेंच्युरी कंपनीचा रेयॉनचा कारखाना. १९६० च्या दशकात त्यांनी टायर कॉर्डचं, म्हणजे टायरच्या आत घालायच्या मजबूत धाग्याचं उत्पादन सुरू करायचं ठरवलं. तंत्रज्ञान हॉलंडच्या कंपनीकडून घेतलं, आणि ते गुप्त ठेवायची अट मान्य केली. मग कंपनीने आपल्या माणसांकडूनही तशीच हमी घेतली. निरंजन शंकर गोळीकरी यांना शिफ्ट सुपरवायझर म्हणून घेतलं. करार मार्च १९६३ पासून पाच वर्षांचा. त्यात अट होती: पाच वर्षांच्या आत सोडलं तर उरलेल्या काळात दुसऱ्या कुठल्याही कंपनीत हेच काम करायचं नाही, आणि सहा महिन्यांच्या पगाराएवढी भरपाई द्यायची.

मार्च ते डिसेंबर १९६३ त्यांचं ट्रेनिंग झालं. ऑक्टोबर १९६४ मध्ये गैरहजेरी सुरू झाली, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी कळवलं की ३१ ऑक्टोबरपासून राजीनामा. कंपनीने पत्र पाठवलं, कामावर या. त्यांनी नोव्हेंबरअखेर उत्तर दिलं, मला दुसरी नोकरी लागली. ती होती कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये, जास्त पगारावर, महिना ५६० रुपये. तिथंही टायर कॉर्डच!

सेंच्युरी कल्याणच्या दिवाणी कोर्टात गेली. कोर्टानं २,४१० रुपये भरपाई मंजूर केली, म्हणजे सहा महिन्यांचा पगार, आणि १५ मार्च १९६८ पर्यंत भारतात कुठंही टायर कॉर्डमध्ये शिफ्ट सुपरवायझरचं किंवा तसंच काम करायला मनाई केली. हायकोर्टानं ते कायम केलं. गोळीकरी सुप्रीम कोर्टात गेले, आणि जानेवारी १९६७ मध्ये तिथंही हरले.

२,४१० रुपयांकडे बघून हसू नका. खरा फटका मनाईचा होता. ज्या कामाचं ट्रेनिंग घेतलं, ते काम करार संपेपर्यंत बंद. कोर्टानं असं का केलं? कराराची मुदत ठरलेली होती, मनाई त्या मुदतीपुरतीच होती, काम ठरावीक होतं, आणि कंपनीने ट्रेनिंगवर खरंच खर्च केलेला होता. या चार गोष्टी एकत्र आल्या तर कोर्ट कंपनीचं ऐकतं. तुमच्या लेटरमध्ये या चारपैकी किती आहेत, ते मोजा.

मग नोकरी सोडल्यावर तोच धंदा करता येतो का?

हा प्रश्न तुमच्यासाठी सगळ्यात मोठा. लेटरमध्ये बऱ्याचदा लिहिलेलं असतं, नोकरी सोडल्यावर दोन वर्षं याच क्षेत्रात व्यवसाय करणार नाही. ते वाचून अनेकांचे पाय लटपटतात.

१८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ सांगतं की कुणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. गोळीकरींना रोखलं ते करार चालू असतानाच्या मुदतीत. मुदत संपल्यावरचं बंधन ही वेगळी गोष्ट आहे. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचं उदाहरण घ्या. त्याच्या जाहिराती-प्रायोजकांचं काम पर्सेप्ट डी'मार्क ही कंपनी बघायची, तीन वर्षांचा करार होता. त्यात अट अशी की करार संपल्यावर दुसऱ्या कुणाची ऑफर आली तर आधी पर्सेप्टला दाखवायची, आणि त्यांनी तेवढीच दिली तर त्यांच्याकडेच राहायचं. करार संपल्यावर झहीरनं दुसरी कंपनी निवडली. पर्सेप्ट मुंबई हायकोर्टात गेली. पहिल्या फेरीत त्यांच्या बाजूनं आदेश झाला, पण खंडपीठानं तो फिरवला, आणि मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं खंडपीठाचंच म्हणणं उचलून धरलं. करार संपल्यानंतर माणसाला बांधून ठेवता येत नाही. हा नोकरीचा करार नव्हता, एजन्सीचा होता, पण तत्त्व कलम २७ चंच.

तेव्हा मशीन शॉपमधून बाहेर पडून स्वतःचं मशीन शॉप टाका, ज्वेलरीच्या दुकानातून बाहेर पडून हुपरीचा माल स्वतः विका, हक्क तुमचा आहे. पण जाताना काय घेऊन जाता ते महत्त्वाचं. डोक्यातलं कौशल्य तुमचं. कंपनीचं ड्रॉइंग, पॅटर्न, रेटशीट, ग्राहकांची एक्सेल फाईल तुमची नाही. शेवटच्या आठवड्यात पेनड्राईव्ह लावून फाईली ओढल्या, की तुम्ही दिवाणी भानगडीतून फौजदारीत गेलात. नोकरानं केलेल्या विश्वासघाताला भारतीय न्याय संहितेत सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जेलची भीती बाळगायचीच असेल तर ती इथं बाळगा.

(थोडं विषयांतर: कलम २७ ला एक अपवाद आहे, तो धंदेवाल्यांनी लक्षात ठेवावा. तुम्ही कुणाचं चालू दुकान गुडविलसकट विकत घेतलं, तर विकणाऱ्यानं ठरावीक हद्दीत तोच धंदा करू नये अशी वाजवी अट घालता येते. चालू दुकान घेताना ही अट लिहून घ्या, नाहीतर तो शेजारच्याच गल्लीत परत उघडेल.)

बॉण्डचं काय?

"दोन वर्षं सोडलंस तर दोन लाख भर" असा बॉण्ड असतो. करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं, रक्कम लिहिलेली असली तरी भरपाई वाजवी असेल तेवढीच, आणि जास्तीत जास्त लिहिलेल्या रकमेपर्यंत. म्हणून "लिहिलंय तेवढं सगळं द्यावंच लागेल" हे खरं नाही. पण "बॉण्डला किंमत नसते" हे तर अजिबात खरं नाही. १४ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं विजया बँकेच्या खटल्यात निकाल दिला. तीन वर्षं पूर्ण न करता दुसऱ्या बँकेत गेलेल्या सीनियर मॅनेजरने दोन लाख रुपये निषेध नोंदवून भरले होते. कर्नाटक हायकोर्टात तो जिंकला, सुप्रीम कोर्टात बँक जिंकली. कोर्टानं पाहिलं की सार्वजनिक बँकेला भरतीवर खर्च करावा लागतो आणि त्या पगाराच्या माणसाला दोन लाख अवाजवी नाहीत. उलट बारा हजार पगाराच्या पोराकडून ट्रेनिंग न देताच तीन लाखांचा बॉण्ड घेतला असेल, तर तो टिकणं कठीण.

नुकसान जितकं मोठं आणि मोजता येण्यासारखं, तितकी कंपनी कोर्टात जायची शक्यता जास्त. २०२३ मध्ये आकासा एअरचे ४३ वैमानिक अचानक गेले, विमानं रद्द करावी लागली, आणि कंपनी भरपाईसाठी थेट मुंबई हायकोर्टात गेली. वैमानिकांना सहा महिने ते वर्षभराची नोटीस सरकारी नियमानंच आहे. आपल्यासारख्यांच्या बाबतीत २२,४०० रुपयांसाठी कंपनी वकील लावेल का? बहुतेक नाही, एखादी नोटीस पाठवून थांबेल. पण दावा करायला तीन वर्षांची मुदत असते, आणि ती तीन वर्षं म्हणजे नेमकी तुमच्या धंद्याची पहिली तीन वर्षं.

माझ्या मते कोल्हापुरात याहून मोठा तोटा दुसराच आहे. इथं उद्योगाचं जग लहान आहे. उद्यमनगरमध्ये सकाळी घडलेलं संध्याकाळपर्यंत शिरोलीत पोचतं. कितीतरी छोट्या मशीन शॉपवाल्यांची पहिली जॉबवर्कची ऑर्डर जुन्या कंपनीतूनच आलेली असते, कारण त्या कंपनीला तुमच्या हाताची खात्री असते. कर्जासाठी बँकेत गेलात की सॅलरी स्लिप, फॉर्म १६, अनुभवाचं पत्र मागतात, तेही त्याच ऑफिसमधून आणायचं असतं. दोन महिने वाचवायला आपण असा ग्राहक घालवतो, हा व्यवहार मला तरी पटत नाही.

मग करायचं काय?

राजीनामा लेखी द्या, मेलवर, तारखेसह, आणि त्यात शेवटचा दिवस लिहा. व्हॉट्सॲपवर "सर उद्यापासून नाही" एवढं टाकू नका. पूर्ण नोटीस जमत नसेल तर तसं लिहून मागा: रजा नोटीसमध्ये धरा, उरलेल्या दिवसांचे पैसे कापा, मी काम हँडओव्हर करून देतो. दिवाळी झाल्यावर, ऑर्डर कमी असताना मागितलं तर बरेच मालक तयार होतात. तयार झाले की त्यांचं "ओके" मेलवरच घ्या. लॅपटॉप, चाव्या, सिमकार्ड परत दिल्याची पोच घ्या. मूळ मार्कलिस्ट कंपनीकडे असेल तर राजीनाम्याच्याच पत्रात परत मागा. आणि नोटीसच्या काळात तुम्ही अजून नोकर आहात हे विसरू नका. त्या काळात कंपनीच्याच ग्राहकाला स्वतःचं कोटेशन पाठवलं, तर समोरच्याच्या हातात तुम्ही आयती केस देता.

आता टेबलाच्या पलीकडं या. सहा महिन्यांनी तुमच्या दुकानात एक पोरगा असेल आणि गणपतीच्या तोंडावर तो न सांगता जाईल. माझ्याकडंही गेलेत. राग येतो, खरं आहे. पण त्यानं काम केलेल्या दिवसांचा पगार तुम्ही दाबून ठेवू शकत नाही. आणि उचल दिली असेल तर ती लिहून ठेवा, हप्त्यानं वळती करा, पण "उचल फिटेपर्यंत जायचं नाही" असं म्हणून त्याला अडवू नका. उचलीच्या बदल्यात माणसाला कामाला बांधून ठेवणं हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ऊसतोडीच्या मुकादमापासून चप्पलच्या कारखान्यापर्यंत उचल आपल्याकडं इतकी अंगवळणी पडली आहे की अनेक मालकांना हे माहीतही नसतं. पहिल्या दिवशी अर्ध्या पानाचं नियुक्तीपत्र द्या, त्यात दोन्ही बाजूंना सारखी नोटीस लिहा. दुकानाला पंधरा दिवस ते महिना पुरे, नव्वद दिवस लिहून कुणी थांबत नाही.

तुमच्या लेटरमधलं वाक्य कळत नसेल, बॉण्डची रक्कम मोठी असेल किंवा लीगल नोटीस आलीच असेल, तर कामगार कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाची फी भरून एकदा सल्ला घ्या. मी दुकानदार आहे, वकील नाही. पुढच्या व्हिडिओत नियुक्तीपत्राचा तो अर्ध्या पानाचा नमुना स्क्रीनवर घेऊन ओळ न् ओळ समजावतो, तोपर्यंत तुमचं स्वतःचं लेटर शोधून ठेवा.